गावाने बांधलेले मनोरे : एसलिंगेन, ग्म्युंड, उल्म

जर्मनीत चर्च बघायचं म्हटलं की बहुतेक लोक कोलोन गाठतात. आमचंही तेच ठरत होतं, पण स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने, मुक्ताने, फोनवरच खोडा घातला. "कोलोन मोठं आहेच मावशी, पण ते बिशपचं. इथे तासाभराच्या अंतरावर शहरवासीयांनी स्वतः बांधलेली गॉथिक चर्च आहेत. बाबांना तीच आवडतील." बाबा म्हणजे माझे भाऊजी, ताईचे यजमान. त्यांची हयात पाटबंधारे खात्यात गेली. कुठलीही जुनी इमारत दिसली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पैसे कुणी दिले?" आणि दुसरा, "पाया कसा आहे?"

कॅथीड्रल ही बिशपची गादी. पॅरिश चर्च हे वस्तीचं. बारसं, लग्न, मयत, रविवारची प्रार्थना सगळं तिथेच. बिशपच्या मागे अख्ख्या मुलखाचा महसूल असायचा. वस्तीच्या चर्चसाठी मात्र व्यापाऱ्यांनी, विणकरांनी, सोनारांनी खिशात हात घालायचा, आणि खिसा रिकामा झाला की काम बंद. श्वाबेन भागातल्या तीन शहरांत हा सगळा खेळ दगडात बघायला मिळतो. बांधणारी घराणीही पुन्हा पुन्हा तीच भेटतात.

प्रवासाचं थोडक्यात : तिन्ही ठिकाणं स्टुटगार्टहून रेल्वेने सोयीची आहेत. तिघे-चौघे असाल तर 'बाडेन-वुर्टेमबर्ग तिकीट' काढा. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर दिवसभर प्रादेशिक गाड्यांनी फिरता येतं. सोमवार ते शुक्रवार मात्र ते सकाळी ९ नंतर चालतं, आणि आयसीईसारख्या जलद गाड्यांत अजिबात चालत नाही.

गुरुवार : एसलिंगेन

स्टुटगार्टहून लोकलने वीसेक मिनिटं. मे महिना, स्वच्छ ऊन, आणि स्टेशनमधून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत लाकडी चौकटींची जुनी घरं सुरू. दुसऱ्या महायुद्धात या गावाचं फारसं नुकसान झालं नाही. हाफेनमार्कट चौकात चौदाव्या शतकातल्या घरांची एक अख्खी ओळ आहे, आणि त्यांत आजही लोक राहतात, खिडक्यांत कुंड्या ठेवतात. ताईचा पाय तिथून निघेना.

बाजारचौकाला लागूनच सेंट डिओनिस चर्च आहे. दोन मनोरे आणि त्यांना उंचावर जोडणारा पूल, असं जरा विचित्र रूप. हे मूळ पॅरिश चर्च. मग चारशे पावलांवर, उतारावर, दुसरं तितकंच देखणं फ्राउएनकिर्श कशासाठी? याचं उत्तर १२१३ सालात आहे. त्या वर्षी जर्मन राजा फ्रेडरिक दुसरा याने सेंट डिओनिस हे लांबच्या श्पायर कॅथीड्रलच्या धर्माधिकाऱ्यांना देऊन टाकलं. तेव्हापासून चर्चचं उत्पन्न श्पायरला जाऊ लागलं.

"म्हणजे दानपेटी बाहेरगावची," भाऊजी म्हणाले.

अगदी तसंच. चौदाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात नगरवासीयांनी स्वतःच्या खर्चाने आपलं वेगळं चर्च बांधायला घेतलं, ते सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. मधला मंडप आणि बाजूचे मंडप साधारण एकाच उंचीचे, म्हणजे आत शिरल्यावर एकच मोठं दालन वाटतं. इथे मधला भाग उंच आणि बाजू ठेंगण्या अशी चढण नाही. या प्रकाराला हॉल चर्च म्हणतात, आणि जर्मनीच्या या भागातलं हे त्यातलं सुरुवातीचं एक. खिडक्यांची काच १३३० च्या सुमाराची आहे. दुर्बीण असेल तर जरूर न्या, कारण वरच्या चौकटींतली माणसं नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. मुक्ताची छोटी दुर्बीण आम्ही पाळीपाळीने वापरली, आणि ताईला वरच्या एका चौकटीत एका बाईच्या हिरव्या झग्याची घडी दिसली, तेव्हा तिने ती दुर्बीण परत द्यायलाच नकार दिला.

खरी करामत मनोऱ्यावर. कळस भरीव नाही. दगडाची जाळी आहे, आरपार आकाश दिसतं. उलरिश फॉन एन्सिंगेन या स्थपतीने हा मनोरा आखला, आणि पुढे ब्योब्लिंगर घराण्याने तो वर नेला. ही दोन नावं लक्षात ठेवा, उल्मला दोघेही पुन्हा भेटणार आहेत, आणि त्यातल्या एकाची तिथे पुरती शोभा झाली आहे.

जेवायला माउलटाशेन. करंजीच्या कुळातला, पण चौकोनी आणि उकडलेला प्रकार. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून मांस पिठाच्या आत लपवलं, अशी गोष्ट इथले लोक डोळे मिचकावत सांगतात. आम्ही पालक घातलेले मागवले. ते रस्स्यात बुडवून येतात, तेव्हा शाकाहारी असाल तर रस्सा कशाचा आहे हे आधी विचारा. तो बऱ्याचदा मांसाचाच असतो. दुपारी द्राक्षमळ्यांमधून किल्ल्यावर गेलो. १८२६ पासून चालू असलेली फेसाळ वाइनची कोठीही याच गावात आहे. भाऊजींनी एक पेला घेतला आणि "ठीक आहे" असा अभिप्राय दिला. त्यांच्या तोंडून हे कौतुकच.

शुक्रवार : श्वेबिश ग्म्युंड

सकाळपासून भुरभुर पाऊस. ग्म्युंड हे सोनार-चांदीकारांचं जुनं गाव. स्टेशनहून चालत हायलिग-क्रॉइझ-म्युन्स्टरला (म्युन्स्टर म्हणजे मोठं चर्च) पोचलो, तर समोर प्रचंड चर्च, उतरतं छप्पर, कोरीव सज्जे, आणि मनोराच नाही. एवढ्या देवळाला कळस नाही हे बघून ताई हळहळलीच.

मनोरे होते, दोन होते. चर्चचा गाभारा आणि मंडप यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना उभे होते. १४९७ च्या गुड फ्रायडेच्या रात्री दोन्ही कोसळले. आत दगडी छत घालायचं काम चालू होतं, आणि त्यासाठी दोन्ही मनोऱ्यांच्या मधली मोठी कमान काढून टाकली होती. ती कमान मनोऱ्यांना एकमेकांवर रेटून उभं ठेवत होती. भाऊजी छताकडे बघत बराच वेळ उभे राहिले. "टेकू काढायचा आणि मग हिशेब करायचा," एवढंच बोलले. त्यांच्या नोकरीतला कुठला तरी बंधारा त्यांना आठवला असणार, पण विचारायची सोय नव्हती.

गावाने मनोरे पुन्हा उभारले नाहीत. पैसे छतासाठी वापरले, ते १५२१ पर्यंत पुरं केलं. घंटा आजही शेजारच्या वेगळ्या, वरून लाकडी बांधणीच्या बुरुजात वाजतात.

गाभाऱ्याच्या उत्तरेकडच्या दाराशी एक लेख आहे. आम्ही तो शोधत छत्र्या सावरत होतो, तेव्हा आतून एक आजीबाई आल्या. चर्चमध्ये स्वयंसेवक म्हणून बसतात. मुक्ताशी जर्मनमध्ये चार शब्द झाले आणि त्यांनी ताईचा हात धरून थेट अक्षरांपाशी नेलं. १३५१ साली या गाभाऱ्याचा पाया घातला, असं तिथे कोरलेलं आहे. काम हाइन्रिश पार्लरचं. त्याचा मुलगा पेटर याच गावात वाढला, आणि ऐन विशीत असताना, १३५६ साली, सम्राट चार्ल्स चौथ्याने त्याला प्रागला बोलावून घेतलं. प्रागचं सेंट व्हिटस कॅथीड्रल आणि चार्ल्स पूल ही त्याची कामं. प्रागमध्ये त्याच्या अर्धपुतळ्याखालच्या लेखातही वडिलांची ओळख ग्म्युंडचे मिस्त्री अशीच दिली आहे. आजीबाईंना प्रागबद्दल काही विशेष वाटत नव्हतं. "तो इथूनच शिकून गेला," त्या म्हणाल्या, आणि 'इथून' म्हणताना त्यांनी छत्रीने जमिनीवर टकटक केलं.

आत या गाभाऱ्याची युक्ती बघण्यासारखी आहे. गॉथिक इमारतीत दगडी छत भिंतींना बाहेरच्या बाजूला ढकलत असतं. उंच मंडप असला की तो रेटा झेलायला बाहेरून तिरक्या आधारकमानी द्याव्या लागतात. इथे बाजूचे मंडप मधल्याइतकेच उंच असल्याने तेच मधल्याला धरून ठेवतात, बाहेरच्या तिरक्या कमानींची गरज उरत नाही. शेवटी उरलेला रेटा जाड दगडी आधारांवर येतो. पार्लरने ते आधार आतल्या बाजूला घेतले, आणि दोन आधारांच्या मधल्या जागेत छोटी छोटी प्रार्थनाघरं बसवली. भाऊजींना हे इतकं पटलं की त्यांनी वहीत आडवा छेद काढला. वही भिजली, छेद वाचला.

इथला ब्रीगेल खायला विसरू नका. वर खडं मीठ आणि कॅरवे (शहाजिऱ्यासारखे दाणे) घातलेला लांबट पाव. बेकरीतून गरम निघाला की लोणीसुद्धा लागत नाही. कोरड्या ठिकाणी आडोशाला उभं राहून तो खाल्ला, आणि दुपारी जे जेवण झालं ते याच्यापुढे आठवतही नाही.

शनिवार : उल्म

गाडीतून पोचायच्या आधीच मनोरा दिसतो. १६१.५३ मीटर. १८९० पासून तो जगातला सगळ्यात उंच चर्चमनोरा होता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलियाने त्याला मागे टाकलं. शनिवारी म्युन्स्टरच्या चौकात बाजार भरतो. पांढऱ्या शतावरीचे ढीग, स्ट्रॉबेरी, चीज, फुलं. शतावरी विकणाऱ्या बाईंना मुक्ताने विक्रम गेल्याचं वाईट वाटतं का म्हणून विचारलं. "ते अजून बांधतायत. आमचं झालंय," असं म्हणून त्यांनी आम्हाला अर्धा किलो स्ट्रॉबेरी गळ्यात मारली. उत्तम होती.

'आमचं झालंय' म्हणायला त्यांच्या गावाला ५१३ वर्षं लागली, हे मात्र त्या बोलल्या नाहीत.

उल्मचं जुनं पॅरिश चर्च तटबंदीच्या बाहेर होतं. १३७६ साली चार्ल्स चौथ्याच्या सैन्याने शहराला वेढा घातला, वेशी बंद झाल्या आणि लोकांना आपल्याच चर्चमध्ये जाता येईना. शिवाय ते रायशेनाउच्या मठाच्या ताब्यात होतं. मग नगराने ठरवलं, नवं चर्च तटाच्या आत, आपल्या पैशाने. ३० जून १३७७ ला नगरप्रमुख लुट्झ क्राफ्ट याने पायाचा दगड ठेवला. आत मंडपात या प्रसंगाचं एक शिल्प आहे, ते चुकवू नका. क्राफ्ट आणि त्याची बायको चर्चची प्रतिकृती हातांनी पेलून धरतायत, आणि ती चक्क ठेवतायत बिचाऱ्या मिस्त्रीच्या पाठीवर. मिस्त्री वाकलाय. भाऊजी म्हणाले, "कंत्राटदाराचं इतकं खरं चित्र मी दुसरं पाहिलं नाही."

त्या काळी उल्ममध्ये माणसं असतील दहा हजारांच्या आसपास. चर्चमध्ये उभी राहून वीस हजार मावतील, असं मोजमाप. एवढा पैसा आला कापडातून. जवसाच्या सुतात कापूस घालून विणलेलं बारकेंट इथून सगळ्या युरोपात जायचं, आणि 'उल्मचा पैसा जग चालवतो' अशी जर्मन म्हण होऊन बसली होती.

सुरुवातीची आखणी पार्लर मंडळींची, ग्म्युंडसारखंच हॉल चर्च. १३९२ मध्ये एसलिंगेनवाला उलरिश आला आणि त्याने आराखडा बदलला. मधला मंडप आभाळाला न्यायचा, आज तो ४१ मीटरच्या वर आहे, आणि पश्चिमेला एकच अवाढव्य मनोरा. बाजूचे मंडपही भलतेच रुंद. त्याच्यानंतर त्याच्याच कुटुंबातल्यांनी काम चालवलं, आणि मग एसलिंगेनच्या ब्योब्लिंगर घराण्यातला माटेउस आला. त्याने कळसाचं अतिशय सुंदर रेखाटन केलं. मनोरा वर चढत गेला आणि १४९२-९३ च्या सुमारास, लोक प्रार्थनेला बसलेले असताना, मनोऱ्यातून दगड निखळून खाली आले. ब्योब्लिंगरने शहर सोडलं. पुढे तो एसलिंगेनलाच वारला.

निस्तरायला आला आउग्सबुर्गचा बुर्कहार्ड एंगेलबेर्ग. त्याने मनोऱ्याचा पाया भक्कम केला. मग बाजूच्या रुंद मंडपांच्या बरोबर मधोमध बारीक गोल खांबांची एकेक रांग उभी केली, म्हणजे छताचा पल्ला निम्मा झाला आणि रेटाही घटला. तिनाचे पाच मंडप झाले ते असे. आत गेलात की मधल्या जाड खांबांपाशी थांबू नका, बाजूला वळून हे सडपातळ खांब बघा. वर ताऱ्यांच्या नक्षीचं छत आहे. निव्वळ दुरुस्तीचं काम, पण चर्चमधला माझ्या मते सगळ्यात देखणा कोपरा तोच. भाऊजी एका खांबावर तळहात टेकवून उभे होते. दगडावर पाथरवटाची खूण होती, दोन-तीन सरळ रेघांची, ज्याची त्याने घडवलेल्या दगडाची मजुरी मोजायला.

१५३० मध्ये नागरिकांनी मतदान घेऊन मोठ्या बहुमताने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. पुढच्या वर्षी चर्चमधल्या वेदी आणि मूर्ती मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्या. वाचलं ते योर्ग स्यूर्लिनचं लाकूडकाम, १४६९ ते १४७४ मधलं. गाभाऱ्यातल्या ओकच्या आसनांवर एका बाजूला पायथागोरस, टॉलेमी, सिसेरो अशी मंडळी आहेत, दुसऱ्या बाजूला भविष्य सांगणाऱ्या सिबिल. चर्चच्या गाभाऱ्यात गणितज्ञ! एकाच्या हनुवटीवरच्या सुरकुत्या मी इतक्या जवळून बघत होते की तिथला राखणदार मंद पावलांनी येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

१५४३ मध्ये काम थांबलं. पैसा आटला होता. मनोरा शंभरेक मीटरवर बुटका होऊन तीनशे वर्षं तसाच राहिला. १८४४ मध्ये पुन्हा काम सुरू झालं. आधी बाहेरच्या आधारकमानी घातल्या, कारण त्या कधी बांधल्याच नव्हत्या. मग आउगुस्ट बायर याने ब्योब्लिंगरच्या जुन्या रेखाटनावरून कळस चढवला. ३१ मे १८९० ला शेवटचा दगड बसला. कोलोनचे मनोरे दहा वर्षांपूर्वी १५७ मीटरवर पुरे झाले होते. चार मीटर जास्त का, हा प्रश्न भाऊजींना पडला नाही. त्यांनी नगरपालिका पाहिल्यात.

मनोऱ्याला तिकीट आहे, चर्चला नाही. वरपर्यंत ७६८ पायऱ्या. आम्ही गेलो तेव्हा शेवटचा टप्पा दुरुस्तीमुळे बंद होता, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. पहिला टप्पा ३९२ पायऱ्यांवर, सत्तर मीटरवर. जिना गोल, अरुंद, खिडक्यांना जाळी. गुडघे दुखत असतील तर ताईसारखं खाली चौकात कॉफी घेऊन बसा. वरून डॅन्यूब, पलीकडचं नॉय-उल्म आणि खाली रिचर्ड मायरने १९९३ मध्ये बांधलेलं पांढरंशुभ्र श्टाटहाउस दिसतं. स्वच्छ दिवशी आल्प्स दिसतात म्हणे, आम्हाला धुकट क्षितिज दिसलं. जुनं उल्म मात्र फारसं दिसत नाही. १७ डिसेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात शहराचा बहुतेक जुना भाग जळाला, चर्च जवळजवळ तसंच उभं राहिलं.

उतरल्यावर बाहेरून फेरी मारली. एका बाजूला चर्चची स्वतःची दगडकामाची कार्यशाळा आहे, तिथे आजही पाथरवट छिन्नी-हातोड्याने खराब झालेले दगड नव्याने घडवतात. युरोपातल्या अशा अठरा कार्यशाळांची परंपरा युनेस्कोने २०२० मध्ये नोंदवली आहे. दगड खराब कशाने होतात? पाऊस, धूर, आणि जत्रा-मेळ्यांनंतर भिंतीशी उभं राहणारे पुरुष. मूत्रातले क्षार दगड पोखरतात, म्हणून २०१६ मध्ये दंड ५० युरोंवरून १०० करावा लागला. हे ऐकून ताईला जे हसू फुटलं ते चहाच्या वेळेपर्यंत पुरलं. आपल्याकडच्या भिंतींवर देवांच्या फरशा लावतात, हा उपाय मुक्ताने त्यांना कळवायला हवा, असं तिचं ठाम मत.

रात्री मसूर आणि श्पेत्झ्ले, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या जाड शेवया. मसुरावर थोडं व्हिनेगर मारतात. आपल्या आमटीची आठवण येईल म्हणून आम्ही घाबरत मागवलं होतं, पण चांगलं लागलं. चीज घातलेल्या श्पेत्झ्लेत मांस नसतं, अंडं मात्र असतं, वर तळलेला कांदा असतो, एका थाळीत दोघांचं भागतं.

रविवार : उल्मच

सकाळी प्रार्थना असते तेव्हा आत हिंडता येत नाही, म्हणून आम्ही कोळीवाड्यात गेलो. फिशरफियर्टेलमध्ये ओढ्याच्या कडेला कललेली लाकडी घरं, त्यातलं एक तर नावानेच 'वाकडं घर', आता हॉटेल आहे. वाटेत जागोजागी चिमणीचे पुतळे. चर्चसाठी आणलेला लांब वासा वेशीतून आडवा जाईना, तेव्हा घरट्यासाठी काडी उभी धरून नेणाऱ्या चिमणीने कारागिरांना अक्कल शिकवली, अशी दंतकथा. चर्चच्या छपरावरही तांब्याची चिमणी आहे. इथल्या बेकरीत त्सुकरब्रोट मिळतो, बडीशेपेच्या वासाचा गोडसर पाव. दोन घ्या, एक गाडीत संपतो.

असा दौरा करणार असाल तर क्रम आमचाच ठेवा, उल्म शेवटी. आधी उल्म पाहिलं तर ग्म्युंड लहान वाटेल, आणि त्या गाभाऱ्यावर अन्याय होईल. उल्मला एक मुक्काम हवाच. आम्ही नदीपलीकडे नॉय-उल्ममध्ये राहिलो, ते बवेरियात येतं, पण पूल ओलांडून चालत दहा-पंधरा मिनिटांत चौकात पोचता येतं.

परतीच्या गाडीत भाऊजींनी वही काढून मुक्ताला विचारलं, तो उलरिश उल्म सोडून मधेच कुठे गेला होता. स्ट्रासबुर्गला, १३९९ मध्ये, तिथल्या मनोऱ्याचं काम घेऊन. स्टुटगार्टहून थेट गाडी आहे, दीड तासाच्या आत पोचते.

"पण ते बिशपचं आहे, बाबा," मुक्ता म्हणाली.

"मग पाया तरी बघू," भाऊजी म्हणाले, आणि ताईने मंगळवारची तिकिटं काढायला सांगितली.